देवरुखचे कॅमेरे पुण्यातून: राउटरच्या कामाच्या नोंदी, मे-जून २०२५

घर देवरुखला, मी पुण्यात. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जुलैत पुण्यात ठरलंय, तेव्हा काका-काकू महिनाभर इकडे राहतील आणि घर बंद असेल. कॅमेरे २०१९ पासून लागलेले आहेत, पण चित्र फक्त हॉलमधल्या टीव्हीवर. ते फोनवर दिसायला हवं, एवढंच काम.

सामान: चार कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्र साठवणारा रेकॉर्डर), थ्री प्लस वन केबल (चित्र आणि वीज एकत्र नेणारी), १२ व्होल्टचा एसएमपीएस (कॅमेऱ्यांना वीज देणारी पेटी), केबलवाल्याने लावलेला फायबरचा डबा आणि पुण्याहून नेलेला एक जुना राउटर.

तुमचा डीव्हीआर बऱ्यापैकी नवा असेल आणि त्याचं ऑनलाइन खातं तुमच्याच नावावर असेल, तर कंपनीचं अ‍ॅप टाका, क्यूआर कोड स्कॅन करा आणि मोकळे व्हा. आमचं खातं बसवणाऱ्याच्या ईमेलवर होतं. त्याने धंदा सोडलाय, फोन लागत नाही आणि आमच्या जुन्या फर्मवेअरमध्ये (डीव्हीआरच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) खातं सोडवायची सोय नाही. म्हणून पुढचा खटाटोप.

शनिवार, १० मे

डीव्हीआर माजघरातल्या फडताळात, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यावर. दार बंद, मागे हवा खेळायला बोटभरही जागा नाही. झाकणावर हात ठेवला तर चटका बसत होता. हार्ड डिस्क एवढी वर्षं टिकली याचंच नवल. पंचांगं हलवली. दार उघडं ठेवायला काकूंची तयारी नाही, कारण मांजर आत जाऊन बसतं. सुताराला जाळीचं दार करायला सांगितलं.

डीव्हीआरचा पासवर्ड घरात कोणालाच माहीत नव्हता. शेवटी एसएमपीएसच्या पेटीचं झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला मार्करने लिहिलेला सापडला. बसवणाऱ्याचाच मोबाइल नंबर! दुकानाच्या पाटीवर असणारा नंबर पासवर्ड म्हणून ठेवणारे हे एकटे नसावेत, तेव्हा तुमच्याकडेही बघून घ्या. तो बदलण्याआधी दुसरं काही केलं नाही.

डीव्हीआरपासून फायबरच्या डब्यापर्यंत गेलेली लॅन केबल माळ्यावर उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडलेली. जोड देत बसलो नाही. नवी केबल पीव्हीसी पाइपातून ओढली. दुपार त्यातच गेली.

डीव्हीआरचं घड्याळ पाऊण तास मागे. उद्या चोरी झाली आणि रेकॉर्डिंग पोलिसांना द्यायची वेळ आली, तर त्यावरची वेळच चुकीची. टाइम झोन अधिक साडेपाच केला, वेळ हाताने लावली आणि इंटरनेटवरून आपोआप जुळवून घ्यायची सेटिंग चालू केली.

रविवार, ११ मे

सकाळी राउटर जोडला आणि घरातलं इंटरनेटच बंद. डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि माझ्या राउटरचाही १९२.१६८.१.१. दोन्ही बाजूंना पत्त्यांचा एकच पट्टा, मग राउटरला बाहेर कुठे आणि आत कुठे ते कळेना. राउटरचा आतला पत्ता १९२.१६८.५०.१ केला. मुद्दाम ५०. पुण्यातल्या घरी, ऑफिसात, मित्रांकडे, जिथे तिथे वायफायवर १९२.१६८.० नाहीतर १९२.१६८.१ असतं. उद्या व्हीपीएन (इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कपर्यंतची खासगी वाट) लावला की फोनला गावचा डीव्हीआर आणि पुण्यातला प्रिंटर यात फरक करता यायला हवा.

डीव्हीआरला जुनाच ठरावीक पत्ता घातलेला होता, त्यामुळे पट्टा बदलल्यावर तो नेटवर्कवरून गायब झाला. टीव्हीसमोर माउस घेऊन बसलो आणि त्याला १९२.१६८.५०.२० दिला. वेळ जुळवायचं टेस्ट बटण दाबलं तर फेल. सर्व्हर बंद असेल म्हणून सोडून दिलं. (हे सोडायला नको होतं. २५ तारखेची नोंद पाहा.)

मग सगळे करतात तेच केलं: पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून ठरावीक क्रमांकाच्या दारावर (पोर्टवर) आलेली हाक राउटरने आतल्या यंत्राकडे वळवायची. ८००० आणि ५५४ डीव्हीआरकडे वळवले, डीडीएनएसचं नाव (बदलत्या पत्त्यासाठी कायमचं नाव) घेतलं, फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पाहिलं. काही नाही. पोर्ट बदलले, डीएमझेड (सगळेच पोर्ट एका यंत्राकडे) लावून पाहिला, राउटर रीस्टार्ट केला. जेवणं झाली, काकू दोनदा आंबे कापून देऊन गेल्या, तरी चित्र नाही.

जे सगळ्यात आधी बघायचं ते मी दुपारी चारला पाहिलं. राउटरच्या स्टेटस पानावर डब्ल्यूएएन (बाहेरची बाजू) म्हणून जो पत्ता दिसतो तो, आणि फोनवर घरच्या वायफायवरून ‘माझा आयपी काय’ असं शोधल्यावर येतो तो, हे दोन्ही एक आहेत का? माझ्या राउटरला डब्याकडून १९२.१६८.१.७ मिळालेला. डब्याच्या पानावर १००.७२ ने सुरू होणारा. आणि बाहेर जगाला दिसतो तो तिसराच. म्हणजे घरातच दोन उंबरे, आणि तिसरा कंपनीच्या दारात.

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास इंटरनेट कंपन्यांसाठी राखून ठेवला. जुन्या पद्धतीचे पत्ते संपत आले. आशियाच्या वाट्याचे तर एप्रिल २०११ मध्येच तळाला लागले होते. म्हणून कंपनी शेकडो घरांना आतले पत्ते देते आणि बाहेर एकाच पत्त्यावर सगळ्यांना काढते. बाहेरून कोणी त्या पत्त्यावर हाक मारली, तर ती देवरुखच्या कुठल्या घरासाठी आहे हे कंपनीच्या यंत्राला कळायचा मार्ग नाही. तुमच्या राउटरमध्ये हजार पोर्ट उघडलेत तरी तिथवर काही पोचतच नाही. याला सीजीनॅट म्हणतात. हे दिसलं की फॉरवर्डिंगचा नाद सोडायचा.

केबलवाल्याला फोन केला.

“दादा, आम्हाला पब्लिक आयपी मिळेल का?”

“मिळेल की. पण घरगुती प्लॅनवर नाही, बिझनेसवर यावं लागेल. आणि आयपीचे वर्षाला तीन हजार वेगळे.”

प्लॅनमधला फरक धरला तर वर्षाचे नऊ-दहा हजार होत होते. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) देता का विचारलं, तर “त्याचं मला विचारून सांगावं लागेल” म्हणाला. अजून सांगतोय.

सोमवार, १२ मे

बुद्धपौर्णिमेची सुट्टी, म्हणून एक दिवस जास्तीचा मिळाला. पोर्टांचे सगळे नियम काढले, डीएमझेड बंद, यूपीएनपी (यंत्रांनी आपणहून पोर्ट उघडायची सोय) बंद. पब्लिक आयपी मिळाला असता तरी डीव्हीआर उघड्यावर टाकणं चूकच होतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या मिराई नावाच्या जाळ्याने अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या साइट काही तास बंद पाडल्या. त्या जाळ्यात कोण होतं, तर कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर. आमच्या डीव्हीआरचं फर्मवेअर २०१९ चं आहे आणि पुढचं निघालेलं नाही. असं यंत्र घरात ठेवावं, रस्त्यावर नाही.

म्हणजे उरला व्हीपीएन. बाहेरून आत येता येत नाही, पण आतून बाहेर जायला कोणी अडवत नाही. तेव्हा घरातल्या एखाद्या यंत्राने बाहेर जाऊन वाट धरून ठेवायची आणि आपण त्या वाटेने परत यायचं.

त्याआधी सकाळ मी डबा ब्रिज मोडवर (डबा नुसता दुवा, लॉगिन राउटरने करायचं) टाकण्यात घालवली. पीपीपीओईचं यूजर नेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा आकडा केबलवाल्याकडून घेतला, राउटरमध्ये भरला. आकडा भरेपर्यंत लाइन जोडली जात नव्हती. घरातला एक उंबरा कमी झाला खरा, पण व्हीपीएनला याची काहीच गरज नव्हती. कोणी करणार असेल तर करू नका. बिघाड झाला की केबलवाला पहिला प्रश्न विचारतो, “तुम्ही सेटिंगला हात लावला होता का?”

लॉकडाउनपासून पडून असलेला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) सोबत आणला होता. त्यावर टेलस्केल (तयार व्हीपीएन सेवा) टाकलं आणि १९२.१६८.५० चा पट्टा त्यातून दिसेल असं लावलं. फोनवर पाय दिसतो, डीव्हीआर दिसत नाही. कारण: पायने ‘माझ्याकडे हा पट्टा आहे’ असं जाहीर केलं तरी टेलस्केलच्या वेबपानावर जाऊन आपण त्याला मंजुरी द्यावी लागते. तिथेच त्या यंत्राची किल्ली संपण्याची मुदतही बंद करा. नाहीतर १८० दिवसांनी तो पुन्हा लॉगिन मागतो, आणि तेव्हा घरात कोणी नसेल. आणखी एक गंमत: टेलस्केलचे पत्तेही त्याच १०० च्या पट्ट्यातले असतात. फोनवर १०० दिसला म्हणून दचकू नका.

पुण्याला परत जाताना साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा मोबाइलवर उघडून पाहिलं. अंगणातली तुळस, खुर्चीत पेपर वाचणारे काका. जमलं.

बुधवार, १४ मे

जमलं, पण अडखळत. मोबाइलची कंपनीही सीजीनॅटवर, घरची लाइनही. दोघांची थेट गाठ पडली नाही की टेलस्केल मधल्या रिले सर्व्हरवरून डेटा फिरवतं आणि वेग पडतो. चारही कॅमेरे एकदम मुख्य दर्जात उघडले तर एकेकाचे दोन एमबीपीएस, म्हणजे एकूण आठ. डीव्हीआरमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याची सब-स्ट्रीम (कमी दर्जाचं चित्र) २५६ केबीपीएसवर आणली आणि अ‍ॅपमध्ये चौकडी पाहताना तीच निवडली. मुख्य दर्जा फक्त एक कॅमेरा मोठा करायचा तेव्हा. पैशाच्या दृष्टीनेही हेच बरं. दोन एमबीपीएसने एक कॅमेरा तासभर पाहिला तर ९०० एमबी जातात, आणि रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये हे परवडत नाही.

अ‍ॅपमध्ये डीव्हीआर जोडताना क्लाउड नाही, ‘आयपी/डोमेन’ निवडायचं. पत्ता घरातलाच, १९२.१६८.५०.२०. पोर्ट हिकव्हिजनला सहसा ८०००, दहुआला ३७७७७.

मंगळवार, २० मे

संध्याकाळी तिकडे वारा-पाऊस आणि फोनवर सगळं काळं. रात्री काकांना फोन.

“काका, लाईट आहे का?”

“आत्ताच आली. अरे, तुझ्या त्या डब्यावर तांबडा दिवा लुकलुकतोय.”

एलओएसचा तांबडा दिवा म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाही, लाइन कुठेतरी तुटलीय. फणसाची फांदी पडली होती. केबलवाल्याने दुसऱ्या दिवशी जोडून दिली. डब्यावर हिरवा दिवा आला, घरातलं वायफाय चालू, पण कॅमेरे तसेच बंद. पायवर तांबडा दिवा स्थिर, शेजारचा हिरवा मिटलेला. बूटच होत नाही. लाईट चार-पाचदा गेली-आली त्यात मेमरी कार्ड गेलं.

कोकणात मे-जूनमध्ये लाईटचा भरवसा नसताना मेमरी कार्डावर चालणारं यंत्र कडी म्हणून मध्ये ठेवणं, हा या सगळ्यातला सर्वात कच्चा निर्णय. पाय परत पुण्याला आणायचा. जे काम राउटरचं आहे ते राउटरनेच करावं.

रविवार, २५ मे

कालपासून देवरुखला. नवा राउटर आणला, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची खुली प्रणाली) चालणारा, ३,२०० रुपये. आधीच्या राउटरवर वायरगार्ड (व्हीपीएनचा एक प्रकार) चालवता येत नव्हतं.

रचना अशी: मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये एक छोटा सर्व्हर भाड्याने, महिना साधारण ४०० रुपये, त्याला स्वतःचा पब्लिक आयपी. देवरुखचा राउटर त्याला जाऊन भेटतो, माझा फोनही त्यालाच भेटतो. टेलस्केल थेट राउटरवरही चालतं, पण रिलेच्या वेगाला कंटाळलो होतो. तुमचा केबलवाला स्वस्तात पब्लिक आयपी देत असेल तर हा सर्व्हर नको; राउटरवरच वायरगार्ड चालवा आणि फक्त त्याचा ५१८२० हा यूडीपी पोर्ट उघडा. ओळखीची किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून धुंडाळणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही.

अडलं कुठे ते लिहितो. सर्व्हरवर देवरुखच्या राउटरच्या नावापुढे बोगद्यातला (व्हीपीएनच्या वाटेवरचा) त्याचा पत्ता तर हवाच, शिवाय १९२.१६८.५० चा अख्खा पट्टा ‘अलाउड आयपी’मध्ये हवा. फोनवर मात्र तिथे सगळी शून्यं टाकायची नाहीत, नाहीतर फोनचं सगळं इंटरनेट मुंबईच्या सर्व्हरवरून फिरतं. राउटरच्या फायरवॉलमध्ये वायरगार्डच्या झोनमधून लॅनकडे जायला परवानगी द्यावी लागते. आणि पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद. राउटर गप्प बसला तर कंपनीचा नॅट ती वाट थोड्या वेळात विसरतो.

एवढं करून हँडशेक (दोन्ही टोकांची ओळख) झाला. मोबाइल डेटावरून राउटरचं पान उघडलं. डीव्हीआर मात्र नाही. त्याच खोलीत लॅपटॉपवर डीव्हीआर उघडतोय, बाहेरून पिंगलाही उत्तर नाही. फायरवॉल पुन्हा पुन्हा तपासली, किल्ल्या नव्याने केल्या. बाहेर पावसाची झड लागलेली. मान्सून देवगडपर्यंत पोचल्याची बातमी दुपारी आली, मेमध्येच.

उत्तर डीव्हीआरच्या घड्याळात होतं. ते पुन्हा मागे पडलेलं दिसलं आणि फेल झालेलं ते टेस्ट बटण आठवलं. नेटवर्कच्या पानावर गेलो. पत्ता १९२.१६८.५०.२०, आणि खाली गेटवे (बाहेर जायचं दार) अजून १९२.१६८.१.१. पत्ता बदलला तेव्हा गेटवे तसाच राहिला होता. डीव्हीआरला बाहेरून हाक ऐकू येत होती, पण उत्तर कुठल्या दाराने पाठवायचं ते माहीत नव्हतं. मग टेलस्केलवर कसं चाललं? कारण तिथे पाय स्वतःच्या पत्त्याने विचारतो आणि डीव्हीआरला तो घरातलाच वाटतो. वायरगार्डवर मी तसं काही लावलं नव्हतं. गेटवे आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा) दोन्ही १९२.१६८.५०.१ केले. चित्र आलं, घड्याळही जुळलं. ११ तारखेला पब्लिक आयपी असता तरी याच गेटवेने पोर्ट फॉरवर्डिंग हाणून पाडलं असतं.

जाता जाता लाईटचा बंदोबस्त. घरात इन्व्हर्टर आहे, पण माजघराचं बटण त्यावर नव्हतं. वायरमनने ते ओढून दिलं, ६०० रुपये. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं ते दाबलं, म्हणजे लाईट जाताना राउटर रीस्टार्ट होत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी, म्हणून डबा आणि राउटर यांना १२ व्होल्टचे वेगवेगळे मिनी यूपीएस, प्रत्येकी १,४००. घेताना अ‍ॅडॉप्टरवरचे अँपिअर आणि पिनची जाडी बघा.

गुरुवार, १२ जून

रात्रभर लाईट नव्हती, सगळ्या बॅटऱ्या संपल्या. सकाळी लाईट आली, घरात वायफाय चालू, बोगदा बंद. सर्व्हरवर पाहिलं तर राउटर हँडशेक मागतोय आणि सर्व्हर दाद देत नाही.

राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. उठल्यावर तो जुनीच वेळ धरून बसतो. वायरगार्ड प्रत्येक हँडशेकवर वेळेचा शिक्का मारतो, आणि आधीच्यापेक्षा जुना शिक्का दिसला की सर्व्हर तो फेकून देतो. राउटरने इंटरनेटवरून वेळ घेतली की हे आपोआप सुटतं. पण मी हौसेने राउटरचं डीएनएस बोगद्यातून फिरवलं होतं. वेळ नाही म्हणून बोगदा नाही, बोगदा नाही म्हणून डीएनएस नाही, डीएनएस नाही म्हणून वेळ नाही.

शेजारचा दहावीतला मुलगा धावून आला. त्याने घरच्या वायफायवरून राउटरचं पान उघडलं, सिस्टीममध्ये जाऊन ‘सिंक विथ ब्राउझर’ दाबलं. फोनची वेळ राउटरला मिळाली आणि मिनिटभरात बोगदा उभा. लगेच डीएनएस बोगद्याबाहेर काढलं. संध्याकाळी त्यालाच राउटरची पिन काढून पुन्हा लावायला सांगितली. या वेळी कोणाच्या मदतीशिवाय उठला.

रविवार, २२ जून

गेल्या आठवड्यात दोनदा लाईट गेली, दोन्ही वेळा कॅमेरे परत आले. खर्च: राउटर ३,२००, मिनी यूपीएस २,८००, वायरमन ६००, केबल आणि पाइप ९५०, एकूण ७,५५०. सर्व्हरचं भाडं वेगळं. वाया गेलेलं मेमरी कार्ड आणि पेट्रोल धरलेलं नाही.

आता त्रास आहे तो किड्यांचा. रात्री गेटच्या कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्याभोवती पाखरं जमतात, कोळी भिंगासमोरच जाळं विणतो, आणि फोनवर हालचालीच्या सूचनांचा पाऊस. संवेदनशीलता कमी केली, सूचना फक्त गेटच्या फाटकाएवढ्या चौकटीपुरत्या ठेवल्या. काका दर दोन दिवसांनी काठीला कुंचा बांधून जाळं काढतात. ते पुण्याला आले की हे काम त्या शेजारच्या मुलाकडे.

राहिलेलं: गेटच्या कॅमेऱ्याचा बीएनसी पिन पावसाने हिरवा पडलाय, चित्रात आडव्या रेघा येतात, पिन बदलून वर रबर टेप गुंडाळायची. तीच केबल उघड्यावरून चाळीस मीटर येते, तेव्हा वीज कडाडायला लागली की ती डीव्हीआरमधून कशी सुटी करायची हे त्या मुलाला दाखवायचं. आणि सुताराने जाळीचं दार अजून दिलेलं नाही.